खडकाळ वाटेवरचा ट्रक आणि उघडे लोखंड : लेप कोणता द्यावा?

आपल्या समाजातील बरीच मुले आय.टी.आय. करून वेल्डर, फिटर, पेंटर झाली. काही नोकरीत लागली, तर काहींनी हमरस्त्याच्या कडेला किंवा एम.आय.डी.सी.च्या परिसरात स्वतःचे लहानसे वर्कशॉप थाटले. अशा वर्कशॉपमध्ये खडी क्रशरवरचे टिपर, कोळसा खाणीवरचे ट्रक, धरणाच्या कामावरच्या गाड्या येतात. पुढचा जाड बंपर, डिझेल टाकीखालचा संरक्षक पत्रा, मडगार्डचे आधार, टूलबॉक्स, बॅटरीचा पिंजरा अशी कामे निघतात. कटिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग उत्तम होते. मग गिऱ्हाईक विचारते, "आता याला काय मारायचं?" आणि उत्तर ठरलेले असते. एक तर "काळं पावडर कोटिंग करून घेऊ", नाही तर घाईघाईने रेड ऑक्साइडचा एक हात. वास्तविक हा प्रश्न पहिले भोक पाडण्यापूर्वी विचारायला हवा. त्याचे कारण पुढे येईलच.

लोखंड गंजते म्हणजे ते पाणी आणि प्राणवायू यांच्याशी संयोग पावून पुन्हा आपल्या खनिज रूपाकडे जाऊ लागते. धम्मपदाच्या मलवग्गात लोखंडातूनच निघून लोखंडालाच खाणाऱ्या गंजाची उपमा आली आहे. आपल्यापैकी अनेकांना ती पाठ असेल. रसायनशास्त्र त्यात इतकीच भर घालते की, पाणी आणि हवा दोन्ही असल्याशिवाय तो गंज निघत नाही, आणि मीठ असले की तो फार वेगाने निघतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली तो शिरला की रंगाला आतून उचलून टाकतो. पत्र्यावर फोड दिसू लागतात तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

डांबरी रस्त्यावरची गाडी आणि खाणीवरची गाडी यांत फरक एवढाच की, दुसरीला दगड लागतो. चाकाने उडवलेली खडी आतल्या अंगाला सतत मारा करीत असते. शिवाय ओला चिखल खाचांत बसून दिवसेंदिवस ओल धरून ठेवतो. म्हणून लेप निवडताना चकाकी पाहू नये. त्या भागाला दगड लागतो का, तो दुसऱ्या भागावर घासतो का, तापतो का, त्यावर ताण किती आहे, आणि लेप निघाला तर तो कोण, कोठे दुरुस्त करणार, हे पाहावे. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

पावडर कोटिंगचेच पाहू. विद्युतभारित भुकटी लोखंडावर उडवायची आणि सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती वितळवून घट्ट करायची, अशी ही रीत आहे. साठ ते ऐंशी मायक्रॉनचा एकसारखा, देखणा थर मिळतो. त्यात थिनर उडत नाही, ही तर फार चांगली गोष्ट. केबिनमधले भाग, टूलबॉक्सचे झाकण, आरशाचे दांडे यांना ते उत्तमच. पण ज्या बंपरला रोज दगड लागतो त्यावर नुसते पावडर कोटिंग मला पटत नाही. एका ठिकाणी टवका उडाला की पाणी तेथून कडेने आत सरकते. वरचा थर मात्र कातड्यासारखा अखंड दिसत राहतो. मालकाला वाटते भाग ठीक आहे. वर्षभराने नखाने ओढले तर तळहाताएवढा पापुद्रा निघतो आणि खाली तांबडी माती. साइटवर ते दुरुस्त करता येत नाही, कारण तेथे भट्टी नसते. दुसरे असे की, आतल्या काटकोनी कोपऱ्यांत भुकटी नीट पोहोचत नाही. विद्युतक्षेत्र ती कडांकडेच ओढून घेते. आणि चिखल साचतो तो नेमका कोपऱ्यातच!

दगड लागणाऱ्या भागासाठी खाली जस्त असणे हाच भरवशाचा उपाय. जस्त हे लोखंडापेक्षा आधी झिजणारे धातूद्रव्य आहे. ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तरी शेजारचे जस्त आधी झिजते आणि लहान ओरखड्यापुरते लोखंडाला सांभाळते. सुमारे ४५० अंश तापमानाच्या वितळलेल्या जस्तात भाग बुडवून काढणे म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनायझिंग. सहा मिलिमीटरपेक्षा जाड पोलादावर त्यात सरासरी किमान ८५ मायक्रॉनचा थर अपेक्षित असतो. विजेने चढवलेले जस्त साधारण ५ ते २५ मायक्रॉन असते. दोन्हींना बाजारात ढोबळपणे "झिंक केलेले" म्हणतात, पण आयुष्यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

आता तो सुरुवातीचा मुद्दा. पाइपची दोन्ही तोंडे वेल्डिंगने बंद केलेला बंपर जर जस्ताच्या हौदात गेला, तर आतली हवा व ओल तापून पाइप फुटू शकतो आणि वितळलेले जस्त कामगारांच्या अंगावर उडते. म्हणून हवा जाण्यासाठी आणि जस्त निथळण्यासाठी भोके आधीच, योग्य जागी पाडावी लागतात. पातळ पत्रा त्या उष्णतेने वाकडाही होतो. लेप ठरल्याशिवाय ड्रॉइंग पुरे होत नाही ते असे. गॅल्व्हनायझिंगवर रंग हवा असल्यास साधा ऑइल पेंट थेट मारू नये. जस्ताशी त्याची क्रिया होऊन खाली साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सोलून निघतो. पृष्ठभाग हलका खरवडून इपॉक्सी प्रायमर द्यावा.

प्रत्येक गावात गॅल्व्हनायझिंगचा हौद नसतो. अशा वेळी जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर, त्यावर इपॉक्सीचा मधला हात आणि वर पॉलियुरेथेन, अशी रंगाची पद्धत खाणीवरच्या गाडीला पुष्कळ पुरते. मुख्य म्हणजे साइटवरचा मेकॅनिक ब्रशने ती दुरुस्त करू शकतो. मात्र रंगाचे निम्म्याहून अधिक यश खालच्या तयारीत असते. नवीन पत्र्यावर रोलिंगमधली निळसर काळी साल असते. ती घट्ट वाटते, पण पुढे रंगासकट सुटते. आधी तेल-ग्रीस पुसून काढावे, मगच ब्लास्टिंग करावे. उलट केले तर तेल लोखंडात ठोकून बसते. ब्लास्टिंग झालेला भाग त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत प्रायमरखाली गेला पाहिजे. पावसाळ्यात कोकणात तेवढाही वेळ मिळत नाही.

बोल्ट आणि कमानपाट्यांबाबत मात्र विशेष सावध राहावे, कारण येथे चुकीचा लेप गंजापेक्षा घातक ठरतो. अतिशय कठीण पोलाद ॲसिडमध्ये धुताना आणि त्यावर विजेने जस्त चढवताना हायड्रोजन वायूचे अणू पोलादात शिरतात. बोल्ट वरून नवाकोरा, चकचकीत दिसतो. आवळताना काही होत नाही. मग काही तासांनी किंवा काही दिवसांनी, गाडी उभी असतानासुद्धा, तो काचेसारखा तुटतो. १२.९ ग्रेडच्या बोल्टला हा धोका सर्वांत अधिक, पण १०.९ ग्रेडलाही काळजी घ्यावी लागते. प्लेटिंगनंतर लवकरात लवकर, सहसा चार तासांच्या आत, सुमारे २०० अंशाला अनेक तास भाजणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे. पण लहान प्लेटिंगवाला ते करतोच असे नाही. म्हणून सुकाणूचे, स्प्रिंगच्या यू-बोल्टचे, सीटबेल्टच्या आधाराचे बोल्ट "जरा चमकवून आणा" म्हणून कोणाकडेही देऊ नयेत. ते कारखान्यातून आलेल्या मूळ लेपासह, बहुधा फॉस्फेट किंवा झिंक फ्लेकमध्ये, नवीनच घ्यावेत. कमानपाट्यांना प्लेटिंग नको. पाट्यांमध्ये ग्राफाइट ग्रीस आणि बाहेरून रंग पुरेसा.

याच्याच जोडीची दुसरी गोष्ट. जेथे दोन भाग बोल्टने एकमेकांवर आवळले जातात, तेथे जाड रंग किंवा पावडर नको. भाराखाली तो थर हळूहळू दबतो, बोल्टचा ताण कमी होतो आणि नट सैल पडतो. चाकाच्या डिस्कच्या बसणाऱ्या तोंडाला सुंदर जाड रंग देणारे महाभाग आहेत! भरलेल्या टिपरचे चाक निखळले तर पुढे काय होते हे सांगायला नको. अशी तोंडे टेप लावून झाकावीत, तसेच अर्थिंगची जागाही. सायलेन्सरला कोणताही इपॉक्सी टिकत नाही, त्याला ॲल्युमिनियमयुक्त सिलिकॉनचा उष्णतारोधक रंगच हवा.

आता ज्याच्या हातून लेप चढतो त्या माणसाकडे वळू. नदीची वाळू वापरून ब्लास्टिंग करणे स्वस्त पडते, पण तिच्या बारीक धुळीतली सिलिका फुप्फुसात कायमची बसते. होणाऱ्या सिलिकोसिसवर औषध नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी वाळूने असे ब्लास्टिंग करण्यास मनाई केली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने या रोगाची गणना सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत केली होती. तरीही शेडमागे वाळू उडतेच. पोलादी ग्रिट किंवा गार्नेट वापरावे आणि हवा पुरवणारे शिरस्त्राण घालावे. गूळ खाल्ल्याने धूळ उतरत नाही, आणि गॅल्व्हनाइज्ड भाग वेल्ड करताना निघणाऱ्या धुराचा ताप दूध प्याल्याने टळत नाही. वेल्डिंगच्या जागेवरचे जस्त आधी घासून काढावे लागते. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडतो. त्याला रुमाल चालत नाही. झिंक प्लेटिंगवरचे पिवळे पॅसिव्हेशन षट्संयुजी क्रोमियमचे असेल तर ते कर्करोगकारक आहे. युरोपात मोटारींच्या भागांवर ते १ जुलै २००७ पासून बंद झाले. त्रिसंयुजी क्रोमियमचा पर्याय उपलब्ध आहे, तो मागावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणी पाहायला स्वतः खाली उतरले होते. खाणीवरच्या गाडीचा भाग रंगवणारा मुलगाही त्याच श्रमाच्या साखळीतला आहे. दरपत्रक लिहिताना मास्क व ग्रिट यांचा खर्च वेगळ्या ओळीत लिहावा. बहुतेक गिऱ्हाईक तो देते, कारण त्याला वर्षभरात दुसऱ्यांदा रंग नको असतो. मात्र ती ओळच नसेल तर तो खर्च पोराच्या छातीतून वसूल होतो.

काम सोपवताना गाडीवाल्याकडे त्याच रंगाचा अर्धा लिटर, हार्डनरसह आणि मिसळण्याचे प्रमाण डब्यावर मराठीत लिहून द्यावे. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा गाडी धुऊन, टवके उडालेल्या जागा वायर ब्रशने घासून, कोरड्या करून त्यावर हात मारायला सांगावे. धुताना चासीची निथळणारी भोके चिखलाने बुजलेली नाहीत ना, तेही काडी घालून पाहायला सांगावे.