बो स्ट्रीटवर कुणी काही विचारत नाही

डब्लिनच्या बो स्ट्रीटवर कॅथलिक कपुचिन संघाचं डे सेंटर आहे, १९६९ पासून. या संघातले व्रतस्थ मठात एकत्र राहतात; स्वतःच्या मालकीचं काही नाही, अंगावर तपकिरी झगा. त्यांच्यातल्या ब्रदर केव्हिन क्राउली यांनी माणसं कचऱ्याच्या डब्यांत अन्न शोधताना पाहिली आणि हे काम उभं केलं. इथे नाश्ता, गरम जेवण, आंघोळीची सोय, डॉक्टर, तान्ह्या बाळांसाठी नॅपी आणि दुधाची पावडर मिळते. नाव-गाव, धर्म, ही वेळ का आली, काही विचारायचं नाही. मला तरी हाच नियम सगळ्यात मोठा वाटतो. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिसही इथे येऊन गेले.

पण पोट भरलं तरी रात्री झोपायचं कुठे? हा प्रश्न सिस्टर स्टॅनिस्लॉस केनेडी या कॅथलिक ननने लावून धरला. आयर्लंडभर त्या ‘सिस्टर स्टॅन’. १९८५ साली त्यांनी बेघरांसाठी संस्था काढली, आजची फोकस आयर्लंड. स्टॅनहोप स्ट्रीटवरच्या कॉन्व्हेंटच्या जागेत बेघरांसाठी घरं झाली. नुसता दानधर्म नको, घर हा हक्क हवा, हा त्यांचा हेका.

मात्र नुसती आरती ओवाळू नका. आयर्लंडमधल्या मॅग्डलेन लाँड्र्यांमध्ये, म्हणजे नन्सच्या कपडे धुण्याच्या कारखान्यांत, बायकांना बिनपगारी राबवलं, तेही अशाच संघांनी. सिस्टर स्टॅन यांचा संघही त्यात होता. त्याबद्दल आयर्लंडच्या सरकारने २०१३ मध्ये माफी मागितली.

ब्रदर केव्हिन आणि सिस्टर स्टॅन, दोघंही २०२५ मध्ये गेले. काम चालू आहे. डब्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनो, जमेल ती मदत जरूर करा.