‘आन् मंग’पासून ‘सबब’पर्यंत
बारामतीच्या दुय्यम निबंधक कार्यालयाजवळ एका जुन्या दस्तलेखकाच्या शेजारी बसून मी त्यांचं काम पाहत होतो. गावाकडून आलेला माणूस आधी आपली हकीकत सांगतो. ती ‘आन्’, ‘मंग’, ‘म्हंजी’ यांच्या आधारानं पुढं सरकते. “थोरल्याचं आजारपण निघालं, आन् दवाखान्यात लय गेलं, मंग सोसायटीचं थकलं, आन् मंग जमीन काढली.” दस्तलेखक तिथंच थांबवतात. “अण्णा, आजारपणामुळं काढली, का आजारपण झालं आन् नंतर काढली?”

हा प्रश्न कीस काढण्यासाठी नसतो. जमीन एकत्र कुटुंबाची असेल, तर कर्त्यानं ती कायदेशीर गरजेपोटी विकली होती का, यावर तो व्यवहार बाकीच्या हिस्सेदारांवर बंधनकारक आहे की नाही हे ठरतं. उद्या मुलानं दावा लावला, तर गरज होती हे दाखवण्याचा भार खरेदी घेणाऱ्यावर येतो. नुसत्या दस्तातल्या मजकुरानं गरज सिद्ध होत नाही, दवाखान्याची बिलं, सोसायटीचा उतारा लागतोच. पण गरज आणि विक्री यांचा सांधा दस्तातच नसेल, तर ती बिलं कशाला जोडायची? म्हणून अण्णांच्या ‘आन्’-‘मंग’मधून दस्तलेखक एक वाक्य काढतात: औषधोपचाराचा खर्च व सोसायटीचे कर्ज भागवणे जरुरीचे झाले आहे, सबब सदर मिळकत आम्ही तुम्हांस कायम खरेदी देत आहोत.

खरेदीखताचा साचा बराचसा ठरलेला आहे. ‘कारणे’पासून सुरुवात, मग चतुःसीमा, ‘येणेप्रमाणे’, भरण्याचा तपशील, आणि यदाकदाचित कोणी हरकत घेतल्यास त्याची तोशीस तुम्हांस लागू देणार नाही. या शब्दांना जुनाट म्हणून हसणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. जुने दस्त मोडी लिपीत असत. त्यात ओळ आखून सलग लिहीत, शब्द तोडत नसत, विरामचिन्हंही नसत. तिथं ‘त्यास’, ‘येविशी’, ‘सबब’, ‘तरी’ यांनीच वाचणाऱ्याला सांगायचं, की एक मुद्दा संपला, आता कारण येतंय, आता मागणं येतंय. दस्तानं हे शब्द ठेवले, कारण दस्त आजही ऐकवला जातो, आणि कानाला स्वल्पविराम दिसत नाही. याच बारामतीत राहिलेल्या मोरोपंतांच्या आर्यांत समास असले सांधे पोटात घेतात, अर्थ लावणं रसिकावर सोडतात. दस्तात ते सोडून चालत नाही.

सर्वांत जोखमीची जागा मुदत खरेदीची. पैसे परत केले की जमीन परत, असं ठरवून शेतकरी खरेदीखत करून देतो. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 1929 साली एक परंतुक घातलं गेलं: परत देण्याची अट त्याच दस्तात नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. अट तोंडी राहिली, वेगळ्या कागदावर गेली, की गहाण म्हणून जमीन सोडवून घेण्याची वाट बंद होते. एका ‘परंतु’वर शेत टिकतं, ते असं. हे दस्तलेखक मुदत खरेदीच्या माणसाला दोनदा विचारतात, “अट ह्याच कागदात घ्यायची ना?”

आता संगणकावर जुना दस्त उघडून नावं आणि गट नंबर बदलण्याची सोय झाली आहे. वेळ वाचतो, अक्षर स्वच्छ येतं. पण ‘सबब’ तसाच राहतो आणि त्याच्या आधीचं कारण मागच्या गिऱ्हाइकाचं असतं. मुलीचं लग्न न झालेल्या घराच्या दस्तात मी लग्नखर्च वाचला आहे. मला ही हलगर्जी फार लागते. शब्द भारदस्त असल्यानं ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

इंदापूरला एका हक्कसोडपत्राचं वाचन ऐकलं. जमीन नीरा डाव्या कालव्याच्या टेलला, पाटाच्या पाण्याचा भरवसा नाही, म्हणून सगळा जीव विहिरीत. बहीण भावासाठी एका गटातला हिस्सा सोडत होती. दस्तात लिहिलं होतं: हिस्सा सोडून देत आहे, तसेच विहिरीचे पाणी देण्यात येईल. मावशींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, “आवं भाऊसाहेब, मी ‘पण’ म्हणलं व्हतं. हिस्सा सोडते, पण पाणी माज्या तुकड्याला मिळाया पायजे.”

भाऊ म्हणाला, “आक्का, पाणी लिवलंय की त्यात.”

“लिवलंय, पण बांधलं न्हाई.”

त्यांचं बरोबर होतं. ‘तसेच’नं दोन गोष्टी शेजारी बसवल्या होत्या, एकीवर दुसरी अवलंबून ठेवली नव्हती. दस्तलेखकानं वाद घातला नाही. ‘तसेच’ खोडून ‘या अटीवर की’ घातलं, ‘देण्यात येईल’ काढून पाणी कोण देणार, कोणत्या विहिरीतून, किती दिवसांच्या पाळीनं, हे भावाकडून वदवून घेतलं. पान पुन्हा छापलं. मावशींनी तेवढाच मजकूर परत वाचून घेतला आणि मग अंगठ्यासाठी हात पुढं केला.