चौतीस गोण्यांचं इंजिन

कांद्याच्या दिवसांत सकाळी कड्याच्या बाजारात उभं राहिलं की कुणाचा माल किती, हे गाडीवरूनच कळतं. कांदाचाळ मोकळी करायला निघालेला शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन येतो. चार-सहा गोण्यांचा मालक शेजाऱ्याच्या रिक्षा टेम्पोत टाकून आणतो. मधला सगळा माल पिकअपमध्ये असतो. हौद्यावर ताडपत्री आवळलेली, मागचे पाटे सपाट झालेले, आणि चालक केबिनच्या दारात उभा राहून लिलावाकडे लक्ष ठेवून, कारण माल उतरल्याशिवाय दुसरं भाडं घेता येत नाही.

आष्टी तालुक्यातलं कडा हे नगर-जामखेड रस्त्यावरचं बाजाराचं गाव. नगर इथून पन्नासेक किलोमीटर, पुढे पुणे, त्यापुढे नवी मुंबईतलं वाशीचं मार्केट. मागच्या बाजूला वाड्या-वस्त्या, दुधाचे डबे, कच्चे रस्ते. म्हणजे एकाच गावात पिकअपला दोन अगदी वेगळी कामं आहेत. गाडी घेताना हा फरक कुणी विचारात घेत नाही, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की तो सगळ्यात आधी घ्यायला हवा.

बीड हा ऊसतोडीचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ज्या पोराला हे चक्र तोडायचंय, त्याच्यासमोर जे दोन-तीन रस्ते असतात त्यातला एक म्हणजे कर्जावर घेतलेली पिकअप. शोरूममध्ये तो डाउन पेमेंट विचारतो, हप्ता विचारतो, पासिंग किती टनाचं ते विचारतो. इंजिनाचा प्रश्न निघतच नाही. मालाची गाडी म्हणजे डिझेल, हे घरात आधीच ठरलेलं असतं.

ते ठरलं त्यालाही कारणं आहेत. विहिरीवर वीज पोचण्याआधी पाणी उपसलं ते डिझेल इंजिनाने, पिठाची गिरणी फिरली तीही त्यावरच. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये उभी राहिली, आणि पुढच्या दोन पिढ्यांनी डिझेलवर विश्वास ठेवला तो रानात पाहून. रस्त्यावरही तेच घडलं. २००५ साली टाटांचा छोटा हत्ती आला तो ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर. ताकद अवघी १६ हॉर्सपॉवर, पण गल्लीबोळातला माल त्याने उचलला. त्यात सरकारी दराची भर होती. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आसपास होतं. लिटरमागे तीस रुपयांवर फरक असताना दुसरा विचार करण्याची गरजच नव्हती.

आता आजच्या दोन गाड्या शेजारी उभ्या करू. मारुतीची सुपर कॅरी, १२०० सीसीच्या वर्गातलं पेट्रोल इंजिन, ८० हॉर्सपॉवर. महिंद्राची बोलेरो पिकअप, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, ७५ हॉर्सपॉवर. नुसती हॉर्सपॉवर पाहिली तर पेट्रोलची गाडी वरचढ. पण कंपनीच्या पत्रकात त्याच्या खालची ओळ टॉर्कची असते, म्हणजे चाक फिरवण्याच्या जोराची. चालक त्याला ओढ म्हणतात. सुपर कॅरीचा टॉर्क १०४ न्यूटन मीटर, तोही इंजिन मिनिटाला २९०० फेरे घेतं तेव्हा. बोलेरो पिकअपचा २०० न्यूटन मीटर, आणि तो १४०० फेऱ्यांपासूनच मिळायला लागतो. मालाच्या भाषेत बोलायचं तर सुपर कॅरीची क्षमता ७४० किलो, बोलेरोच्या मोठ्या हौद्याच्या गाडीची १७०० किलो. पन्नास किलोची गोणी धरली तर एकीत चौदा गोण्या, दुसरीत चौतीस. अर्थात एवढं ओझं पेलायला चासी, पाटे आणि टायरही त्या मापाचे लागतात, सगळं श्रेय इंजिनाचं नाही.

हा फरक येतो कुठून? पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचं मिश्रण दाबलं जातं आणि प्लगच्या ठिणगीने पेटतं. हे मिश्रण फार दाबलं तर ठिणगीआधीच भडकतं, म्हणून दाब साधारण दहा-बारा पटींवर थांबवावा लागतो. डिझेल इंजिनात आधी नुसती हवाच दाबतात, सोळा ते वीस पट. त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. जास्त दाब म्हणजे इंधनातल्या उष्णतेचा जास्त हिस्सा कामी येतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये मुळातच पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास जास्त ऊर्जा असते. टर्बोने हवा आणखी कोंबली की कमी फेऱ्यांतच जोर येतो. मात्र हा दाब सोसायला ब्लॉक, पिस्टन, क्रँक सगळंच दणकट लागतं आणि फवाऱ्याचा पंप फार बारकाईने बनवावा लागतो. डिझेलची गाडी महाग पडते ती इथे.

ओढीचा खरा उपयोग भरल्या गाडीने जागेवरून निघताना होतो. शेताच्या बांधावरून चौतीस गोण्या घेऊन ओल्या मातीत गाडी हलवायची तर डिझेलवाला क्लच सोडतो आणि गाडी सरकते. पेट्रोलवाल्याला इंजिन रेस करत क्लच घासावा लागतो. क्लच प्लेट लवकर का जाते, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

वाशीला माल नेणाऱ्याला मात्र चढापेक्षा उताराची काळजी जास्त. भरली गाडी खंडाळ्याचा घाट उतरते आणि परत येताना बहुधा रिकामी चढते. डिझेल आहे म्हणजे गाडी गिअरवर जास्त रोखली जाईल, असा एक समज आहे. पण जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात हवेचा मार्ग अडवणारी झडप नसते, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर ते पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कमीच अडवतं. मोठ्या ट्रकला वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवतात तो त्यासाठीच. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या चालकांचा नियम पिकअपलाही लागू आहे. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणाऱ्यांनी हे नक्की ऐकावं: आजच्या इंजिनात गिअर टाकून पाय काढला की इंधनाचा फवारा बंद होतो. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे जिवावर उदार होऊन डिझेल जास्तच जळतं.

हाच वाद अमेरिकेत फार मोठ्या मापाने चालतो. तिथल्या हेवी-ड्यूटी पिकअप आपल्या ट्रकच्या ताकदीच्या असतात. फोर्डने २०२० मध्ये ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन आणलं, टॉर्क साडेसहाशेच्या आत. रॅमच्या पिकअपमधलं कमिन्सचं ६.७ लिटरचं डिझेल इंजिन त्याच्या आधीच्या वर्षी साडेतेराशेवर पोचलं होतं. ही तीच कमिन्स, जिचा पुण्यात कोथरूडला १९६२ पासून कारखाना आहे. तरीही तिथले कितीतरी लोक पेट्रोलच निवडतात, कारण डिझेल इंजिनासाठी हजारो डॉलर जास्त मोजावे लागतात आणि पंपावर डिझेलच बहुतेकदा महाग असतं. तिथे निकष एकच मानतात: मागे जड ट्रेलर रोज ओढणार आहात का?

आपल्याकडे हा निकष लागू व्हायला लागला तो दोन घटनांनंतर. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि तीस रुपयांचा फरक आटत गेला. मग १ एप्रिल २०२० ला धुरासाठीचे बीएस-६ निकष आले. डिझेलमधलं गंधक ५० वरून दशलक्षात १० भागांवर आणलं गेलं, आणि धुरातली काजळी व नायट्रोजनची ऑक्साइडं रोखायला सायलेन्सरच्या वाटेवर महागडी यंत्रणा बसली. मारुतीने त्या वेळी डिझेल इंजिनंच बंद केली. सुपर कॅरी २०१६ मध्ये आली तेव्हा तिला ७९३ सीसीचं डिझेल इंजिन होतं. छोट्या हत्तीलाही २०२० मध्ये ६९४ सीसीचं पेट्रोल इंजिन मिळालं, ताकद ३० हॉर्सपॉवर.

काजळीची गाळणी, म्हणजे डीपीएफ, ही कड्याच्या दूधवाल्याने समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. गाळणीत साठलेली काजळी जाळायला धूर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. नगर-पुणे रस्त्यावर तासभर सलग पळणारी गाडी ते सहज करते. पण या वस्तीवर दोन डबे, त्या वस्तीवर तीन, मध्ये इंजिन बंद, असं चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर कधी तापतच नाही. गाळणी तुंबते, बोर्डावर दिवा लागतो, गाडीची ओढ जाते आणि गॅरेजची वारी सुरू होते. दिवा लागल्यावर गाडी बंद न करता मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं जरा वरच्या फेऱ्यांवर पळवली तर बऱ्याचदा काम भागतं. गाळणीच कापून काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. ते बेकायदा आहे, आणि तो धूर आपल्याच गावात राहतो.

एक हिशोब मांडतो, आकडे समजण्यापुरते. डिझेल ९१ रुपये, पेट्रोल १०४. सारख्याच ओझ्याला डिझेलची गाडी लिटरला १३ किलोमीटर देते, पेट्रोलची १०. किलोमीटरला ७ रुपये विरुद्ध १० रुपये ४० पैसे. डिझेलची गाडी लाखभर रुपयांनी महाग असेल, तर ते लाख वसूल व्हायला साडेएकोणतीस हजार किलोमीटर लागतात. दिवसाला दीडशे किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस पळणारी गाडी ते आठ महिन्यांत फेडते. दिवसाला चाळीस किलोमीटरवाल्याला अडीच वर्षं लागतात, आणि त्यात कर्जाचं व्याज व गाळणीची दुरुस्ती धरलेली नाही. त्याच्यासाठी पेट्रोल, किंवा रोजच्या वाटेवर पंप असेल तर सीएनजी, हाच शहाणा सौदा.

पेट्रोलच्या बाजूला आता एक नवी गोष्ट आलीय. देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं जातं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं उतरणारच, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या-वॉशरकडे लक्ष ठेवायला हवं. या इथेनॉलचा एक हिस्सा उसातून येतो. तो ऊस तोडायला बीडची माणसं जातात. इथेनॉलचे पैसे कारखान्याला मिळतात, तेव्हा तोडीच्या दराच्या वाटाघाटीत या उत्पन्नाचा उल्लेख मजुरांच्या बाजूने ठामपणे व्हायला हवा, असं मला वाटतं.

जुनी गाडी घेणाऱ्याने डिझेल असेल तर भल्या सकाळी, इंजिन थंड असताना जावं. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावं. थंडीत पहिल्या सेल्फला थोडा पांढरा धूर चालतो. तो थांबलाच नाही तर नोझल किंवा दाब गेलेला असतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, म्हणजे इंजिनाचं काम निघालं. ऑइल भरायचं झाकण उघडून बघावं, तिथून वाफा जोरात येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. पेट्रोलची गाडी असेल तर कॉइल, प्लग आणि क्लच पाहावा. दोन्हीत ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नये. हौद्यात चौतीस नाहीतर चौदा गोण्या टाकाव्यात, जे आपलं रोजचं ओझं असेल ते, आणि मग जवळच्या धानोऱ्यापर्यंत जाऊन यावं.