‘पावणे’, ‘ऐकणे’ आणि ‘उत्तर’ : ख्रिस्ती प्रार्थनाविचाराची मराठी परिभाषा

प्रार्थना कधी सफळ होते, कधी होत नाही. या अनुभवाचा अर्थ लावताना मराठी ख्रिस्ती समाज तीन शब्दांचा आश्रय घेतो : नवसाला ‘पावणे’, प्रार्थना ‘ऐकणे’ आणि प्रार्थनेचे ‘उत्तर’. हे शब्द समानार्थी नाहीत. प्रत्येकामागे ईश्वराविषयीची निराळी कल्पना आहे.

पहिला शब्द लोकधर्माचा होय. दिंडोशी-मालाडपासून वांद्र्यापर्यंतच्या जुन्या साष्टीत मराठी बोलणारा ईस्ट इंडियन समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. वांद्र्याच्या मोत माउलीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय व घरे वाहिली जातात. वाहणाऱ्यांत हिंदूही असतात. ‘पावणे’ या क्रियापदाला दोनच बाजू आहेत : माउली पावली, अगर पावली नाही. मागणे अपुरे राहिले, तर त्याचा अर्थ सांगण्यास येथे जागा उरत नाही.

‘ऐकणे’ अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘मुलगा ऐकत नाही’ याचा अर्थ तो बहिरा आहे असा नसून तो सांगितलेले मानत नाही, असा होतो. म्हणून ‘देवाने ऐकले नाही’ या मराठी वाक्यात कानावर न पडणे आणि मान्य न करणे एकवटतात. हिब्रूतील ‘शमा’ या धातूचीही हीच स्थिती आहे. ख्रिस्ती विचाराला मात्र या दोन अर्थांची फारकत आवश्यक वाटते. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी केली. प्याला टळला नाही. तरीही इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ती विनवणी ऐकली गेली, असेच म्हटले आहे. रूढ मराठी अर्थाने हे विधान विसंगत ठरेल. ऐकणे म्हणजे मागितलेले देणे नव्हे, हे गृहीत धरले तरच ते उलगडते.

ही अडचण ‘उत्तर’ या शब्दाने सुटते. कारण उत्तर नकारार्थीही असू शकते. पौलाने शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनविले. काटा राहिला, परंतु कृपा पुरेशी आहे असे उत्तर त्याला मिळाले.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हे दोन्ही प्रकार दिसतात. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालेली धर्मजागृती प्रार्थनेचे फळ मानली गेली. पुढे १९२१ साली, जिच्याकडे कार्याची वारस म्हणून पाहिले जात होते, ती कन्या मनोरमा आईच्या आधी निवर्तली. रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे करून १९२२ साली त्या वारल्या.

अपुऱ्या प्रार्थनेचा दोष प्रार्थना करणाऱ्याच्या अल्पविश्वासावर टाकणारे स्पष्टीकरणही प्रचलित आहे. गेथशेमानेचा दाखला त्याला पुरेसा छेद देतो. तेथे विश्वास उणा नव्हता. शोकाकुल माणसाशी बोलताना कोणते क्रियापद निवडावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ भाषेचा राहत नाही.