खिडकीचं माप '४.६ बाय ५' असं पाठवताय? मोटरचा पडदा मागवण्याआधी हे वाचा

सीन असा आहे. नव्या फ्लॅटचं काम चालू आहे. बेडरूमला रिमोटवर खाली-वर होणारा पडदा, म्हणजे इलेक्ट्रिक रोलर ब्लाइंड लावायचं ठरलंय. दुकानदार म्हणतो, "माप तेवढं व्हॉट्सॲपवर टाका." तुम्ही टेप लावता आणि मेसेज टाकता, '४.६ बाय ५'.

तुमच्या डोक्यात होतं ४ फूट ६ इंच, म्हणजे १३७२ मिलीमीटर. समोरच्याने कॅल्क्युलेटरवर घेतलं ४.६ फूट, म्हणजे १४०२ मिलीमीटर. फरक ३० मिलीमीटरचा, जवळपास सव्वा इंच. ब्लाइंड तयार होऊन येतो आणि खिडकीत शिरतच नाही. तुमच्या मापाने कापलेला माल, त्यामुळे तो सहसा परतही घेतला जात नाही.

म्हणून पहिला नियम, माप मिलीमीटरमध्येच लिहायचं. सुतारकामात इंच आणि सूत चालतं, पण १ सूत म्हणजे ३ मिलीमीटरहून जास्त. इथे तेवढ्यानेही अडतं.

कापडी पडद्याला चालतं, मग याला का नाही?

कापडी पडद्याला चुण्या असतात. दोन-चार इंच इकडेतिकडे झाले तरी ते चुण्यांत खपून जातात. रोलर ब्लाइंडचं कापड मात्र ॲल्युमिनियमच्या पाइपवर गुंडाळलेलं असतं आणि मोटर त्या पाइपच्याच आत बसते. पाइप तिरका बसला तर कापड गुंडाळताना एका बाजूला सरकत जातं. हाताने ओढायचा ब्लाइंड असेल, तर कुठेतरी घासतंय हे हाताला कळतं आणि आपण थांबतो. साध्या मोटरला ते कळत नाही. ठरवून दिलेल्या जागेपर्यंत ती फिरत राहते आणि रोज थोडी थोडी कापडाची कड उसवते.

आधी ठरवा, आत की बाहेर?

ब्लाइंड दोन प्रकारे बसतो. एक, खिडकीच्या आत, भिंतीच्या जाडीत. दोन, खिडकीच्या बाहेर, भिंतीवर किंवा छताला.

आत बसवायचा असेल तर भिंतीच्या जाडीत जागा किती उरते, ते आधी बघा. आपल्याकडच्या स्लायडिंग खिडक्यांना मच्छरजाळी धरून बऱ्याचदा तीन ट्रॅक असतात. कुठे ग्रिल आतून असते, कुठे खिडकीचं हँडल पुढे आलेलं असतं. गुंडाळलेला पूर्ण रोल तिथे मावायला हवा आणि खाली येताना कापड कशालाही अडकायला नको. जागा नसेल तर सरळ बाहेर बसवा.

बेडरूममध्ये मिट्ट काळोख हवा असेल, तरी बाहेरचाच पर्याय बरा. कारण ब्लाइंडच्या पूर्ण रुंदीपेक्षा त्याचं कापड थोडं कमी असतं. दोन्ही टोकांना ब्रॅकेट आणि मोटरचं डोकं जागा खातं, त्यामुळे आत बसवल्यावर कडेने उजेडाची पट्टी दिसतेच. बाहेर बसवताना दोन्ही बाजूंना साधारण ३ ते ४ इंच जास्त घेतात.

आता टेप हातात घ्या

टेप स्टीलचा घ्या. त्याच्या टोकाचा हूक थोडा हलतो, तो बिघाड नाही. हुकाच्या जाडीइतकाच तो मागेपुढे होतो, म्हणून टेकवून घेतलेलं आणि अडकवून घेतलेलं अशी दोन्ही मापं बरोबर येतात.

आत बसवायचा असेल तर माप असं घ्या:

• रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये आणि खाली. त्यातलं सगळ्यात लहान माप धरा. प्लास्टर आणि पुट्टीमुळे तिन्ही आकडे क्वचितच सारखे येतात.

• उंचीही तीन ठिकाणी मोजा, पण इथे सगळ्यात मोठं माप धरा. कापड कुठे थांबवायचं ते मोटरमध्ये सेट करता येतं.

• दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले नाहीत, तर खिडकी काटकोनात नाही असं समजा आणि तसं दुकानदाराला सांगा.

• ब्लाइंड नीट फिरावा म्हणून थोडं माप कमी करावं लागतं, पण ते तुम्ही करू नका. तुम्हीही कापलं आणि कारखान्यानेही कापलं, तर ब्लाइंड आखूड होतो. पाठवताना 'हे भिंत ते भिंत माप आहे' एवढं लिहा.

मोटर कोणत्या बाजूला?

मोटर एकाच टोकाला असते. वायरची मोटर घेणार असाल तर त्याच बाजूला, वरच्या कोपऱ्याजवळ वीज लागेल. हा पॉइंट पुट्टी आणि रंग होण्याआधीच काढून घ्या, नाहीतर नवी भिंत फोडावी लागते. चार्जिंगची मोटर असेल तर केबल तिथपर्यंत पोहोचते का, ते बघा. आणि डावं-उजवं नेहमी खोलीत उभं राहून, खिडकीकडे तोंड करून सांगायचं.

थोडक्यात, '४.६ बाय ५' ऐवजी मेसेज असा जायला हवा: "बेडरूम. रुंदी १३६८ मिमी, उंची १५२६ मिमी. भिंत ते भिंत माप. आत बसवायचा. मोटर उजवीकडे, खोलीतून बघताना."

पाठवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कोणालातरी एकदा मोजायला लावा. दोघांचे आकडे जुळले, की मगच ॲडव्हान्स द्या.