अर्थव्यवस्थेचे जाळे आणि अधारतालचे बियाणे

राणी दुर्गावतीचे दिवाण आधारसिंह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावामुळे जबलपूरच्या अधारताल परिसराला हे नाव मिळाले. १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ याच परिसरात आहे. लातूर किंवा अमरावतीच्या शेतकऱ्याने अधारताल पाहिले नसेल. परंतु सोयाबीनच्या पिशवीवरील 'जेएस' ही अक्षरे त्याच्या परिचयाची आहेत. 'जवाहर सोयाबीन' हे त्यांचे पूर्ण रूप असून हे वाण या विद्यापीठाच्या संशोधनातून पुढे आले आहेत. एका उपनगराचे शेकडो मैलांवरील शेतांशी असलेले हे नाते केवळ उत्पादनाच्या आकड्यांवरून उमगत नाही. त्यासाठी अर्थव्यवस्थेकडे एक जाळे म्हणून पाहावे लागते.

बिंदू आणि दुवे

जालविज्ञानात प्रत्येक उद्योग, पीक किंवा संस्था हा एक बिंदू मानला जातो, तर त्यांच्यातील देवघेव हा दुवा. एका उद्योगाचा माल दुसऱ्याचा कच्चा माल कसा होतो, हे कोष्टकाद्वारे मांडणारे अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्टिफ यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९९९ मध्ये आल्बर्ट-लास्लो बाराबाशी व रेका आल्बर्ट यांनी दाखवून दिले, की अनेक जाळ्यांत बहुतेक बिंदूंना मोजकेच दुवे असतात आणि थोड्या बिंदूंकडे मात्र दुव्यांची गर्दी होते. २००७ मध्ये सेझार हिदाल्गो, रिकार्दो हाउसमान आणि सहकाऱ्यांनी देशांच्या निर्यातीवरून वस्तूंचे जाळे रेखाटले. देश सहसा आपल्या सध्याच्या उत्पादनांच्या जवळच्या वस्तूंकडे वळतात, असे त्यातून दिसून आले.

सोयाबीन का रुजले?

सोयाबीनचा प्रसार या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने जबलपूर व पंतनगर येथे या पिकाच्या चाचण्या झाल्या. मध्य प्रदेशातील काळी जमीन रब्बीच्या गव्हासाठी पावसाळ्यात अनेक ठिकाणी पडीक ठेवली जाई. सोयाबीनला तेथे तयार जागा मिळाली. दाण्यात सुमारे १८ ते २० टक्के तेल असते आणि तेल काढल्यावर प्रथिनयुक्त पेंड उरते. त्यामुळे शेताला एकीकडे तेल गिरण्या, तर दुसरीकडे कुक्कुटपालन व निर्यात असे दुवे जोडले गेले. पुढे विदर्भ व मराठवाड्यातही हे पीक पसरले. आज देशातील बहुतांश सोयाबीन मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातून येते.

दाट दुव्यांची जोखीम

१९९४ मध्ये प्रसारित झालेला 'जेएस ३३५' हा वाण दीर्घकाळ या दोन्ही राज्यांत प्रमुख राहिला. तो अशा जाळ्याचा मध्यवर्ती बिंदू ठरला. मात्र तो पिवळ्या मोझॅक रोगाला बळी पडतो. एकच वाण सर्वत्र असेल, तर त्याचा दोषही सर्वत्र पोहोचतो. म्हणूनच 'जेएस २०-२९' सारखे रोगप्रतिकारक्षम वाण महत्त्वाचे ठरतात. २०२३ च्या खरिपात चंद्रपूर व नागपूर परिसरात पिवळ्या मोझॅकने सोयाबीनचे मोठे नुकसान केले होते.

बाजारातील धक्काही याच दुव्यांवरून प्रवास करतो. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला आणि पेंड महागल्याने कुक्कुटपालक अडचणीत आले. त्यांच्या मागणीनंतर ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय सुधारित सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस मुभा दिली. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव मोठ्या प्रमाणात उतरले आणि शेतकऱ्यांनी या निर्णयावर नाराजी व्यक्त केली. एका बिंदूला दिलेला दिलासा दुसऱ्याला भार वाटला.

दारोन अजेमोग्लू व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सिद्धान्ताच्या पातळीवर हेच मांडले: जाळे मोजक्या केंद्रांवर विसंबून असेल, तर तेथील धक्के परस्परांना भरून काढत नाहीत, ते संपूर्ण अर्थव्यवस्थेत उमटतात. शेतकऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. पीक किती आले, एवढेच पाहून चालत नाही. त्याच्याजवळ बियाण्याचे किती पर्याय आहेत, माल घेणारे किती आहेत आणि एक दुवा तुटला तर दुसरा उपलब्ध आहे काय, यावर त्याची सुरक्षितता ठरते. असे पर्यायी दुवे निर्माण करण्याचे काम अधारतालसारख्या संशोधन केंद्रांतूनच सुरू होते.