साखळीस बाहेरची वार्ता कोणी द्यावी?

आपल्या कोकण-गोव्याकडे एखादा निर्णय मनुष्याच्या हाती ठेवावासा वाटला नाही म्हणजे देवाला कौल लावतात. पाश्चात्यांचा ‘ऑरॅकल’ हा शब्दही मूळचा अशाच देववाणीचा. सांप्रत तो संगणकविद्येत शिरला आहे. मात्र तेथील ऑरॅकल भविष्य सांगत नाही. तो बाहेरची वार्ता आत नेऊन पोचवितो, इतकेच. त्याचे ठाणे कसे उभारतात, हे वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

ब्लॉकचेन म्हणजे एकच खतावणी हजारो संगणकांनी आपापल्याकडे ठेवलेली. यांतील प्रत्येक संगणकास ‘नोड’ म्हणतात. २०१५ साली सुरू झालेल्या ‘एथेरियम’ या साखळीवर नोंदींबरोबर करारही लिहिता येतात, आणि अट पुरी होताच ते आपोआप अमलात येतात. परंतु या करारास बाहेरचे काही दिसत नाही. सोन्याचा भाव काय, पाऊस पडला की नाही, हे तो विचारू शकत नाही. प्रत्येक नोड तोच हिशेब स्वतः पुन्हा करून पाहतो, व सर्वांचे उत्तर तंतोतंत जुळावे लागते. ज्याने त्याने आपापल्या वेळी बाजारात जाऊन भाव आणला तर दोन वह्या जुळतील कशा? म्हणून तो कोणीतरी आणून खतावणीत नोंदवावा व सर्वांनी ती नोंद प्रमाण मानावी, अशी तोड निघाली. हा आणून देणारा तो ऑरॅकल.

या कामाची ‘चेनलिंक’ ही व्यवस्था मे २०१९ मध्ये एथेरियमवर चालू झाली. तिचेच उदाहरण घेऊ. अहोरात्र चालणारा एक संगणक घेऊन त्यावर चेनलिंकची आज्ञावली व कामाची नोंद ठेवणारा ‘पोस्टग्रेस’ हा माहितीकोश बसवितात. साखळीवर काय चालले आहे ते ऐकण्यास एथेरियमचा नोडही जोडावा लागतो. तो स्वतःचा असो वा भाड्याचा. मग साखळीवर ‘ऑपरेटर’ नावाचा करार चढवून आपल्या ठाण्याचा पत्ता त्यात अधिकृत म्हणून लिहितात. ही नोंद राहून गेली तर आपले उत्तर करार स्वीकारीत नाही. उरला ‘जॉब’, म्हणजे कामाचा तक्ता: मागणी ऐकावी, अमुक ठिकाणाहून भाव आणावा, त्यातील नेमका आकडा उचलावा, शंभराने गुणावा, परत धाडावा. गुणाकार अशासाठी की, करारास दशांश अपूर्णांक चालत नाहीत, ८३.२५ हा आकडा त्याला ८३२५ असा द्यावा लागतो.

इथवरची मांडामांड कोणीही होतकरू तरुण चार दिवसांत शिकेल. खरी गोष्ट पुढे आहे. खतावणी कितीही अभेद्य असली तरी तीत शिरलेले असत्य ती तितक्याच निष्ठेने जपते! जून २०१९ मध्ये ‘सिंथेटिक्स’ या व्यवहारव्यवस्थेस कोरियाच्या वॉन या चलनाचा भाव पुरविणाऱ्या एका सेवेने तो मध्येच हजारपट चढवून कळविला. एका स्वयंचलित यंत्रणेने तेवढ्यात व्यवहार करून कागदोपत्री अफाट नफा मिळविला. सुदैवाने तिच्या मालकाने बक्षिसाच्या बदल्यात ते व्यवहार उलटविण्याचे मान्य केले. करारात चूक नव्हती. वार्ताच चुकीची होती.

यास्तव मोठ्या रकमेच्या कामी एका ठाण्यावर विसंबत नाहीत. अनेक स्वतंत्र ठाण्यांची उत्तरे घेऊन त्यांतील मधले निवडतात. समजा, ९९, १००, १००, १०१ आणि १,००,००० अशी पाच उत्तरे आली. सरासरी काढली तर २०,०८० येईल. मधले उत्तर मात्र १००. परंतु पाचही ठाणी एकाच दुकानातून भाव आणीत असतील तर पाच असूनही ती एकच, हे आम्हांस येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

ठाणे चालविणाऱ्याने गुप्त किल्ल्या व परवलीचे शब्द जिवापाड जपावे, आणि कारभाराची खिडकी, जी बहुधा ६६८८ क्रमांकाच्या पोर्टवर असते, ती सर्व जगास उघडी ठेवू नये. प्रत्येक उत्तर साखळीवर लिहिण्यास ‘गॅस’ नामक शुल्क पडते व ते ठाण्याच्या खात्यातील ईथर नाण्यांतून जाते. खाते रिते झाले की भाव हाती असूनही धाडता येत नाही, व पलीकडचा करार वाट पाहत राहतो. म्हणून शिल्लक रोज पाहावी. आणि आरंभ नेहमी सेपोलियासारख्या चाचणीच्या जाळ्यावर करावा, जेथील नाण्यास बाजारात किंमत नसते.